शिडाच्या बोटीवर संसार: मुंबई बंदरातल्या एका हंगामाचं प्रकरण

ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात एक जोडपं मुंबई बंदरात आणि धरमतरच्या खाडीत शिडाच्या बोटीवर राहिलं. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. नावं, बोटीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. दोघांना इथे दादा आणि वहिनी म्हणतो, कारण एरवीही मी त्यांना तसंच म्हणतो. शीड हाताळायला ते माझ्याकडे शिकले आणि त्यानंतरच्या बहुतेक निर्णयांच्या वेळी आमचं बोलणं होत होतं.

बोटीवर राहायचं म्हटलं की लोक वादळाबद्दल विचारतात, लाटांबद्दल विचारतात, एकटं वाटत नाही का असं विचारतात. या दोघांचा हंगाम यातल्या कशानेही अडला नाही. अडला तो बोट आणि किनारा यांच्यामधल्या अर्ध्या मैलावर. मुंबईच्या पाण्यात असा बेत आखणाऱ्यांनी हे आधी वाचलेलं बरं, म्हणून सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

दोघांचीही पन्नाशी उलटलेली. दादा कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचे, वहिनी शाळेत मराठी शिकवायच्या. दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लेक पुण्यात नोकरीला. मुलुंडला स्वतःचा फ्लॅट. वहिनींची आई, म्हणजे आजी, गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत राहतात. वय ऐंशीच्या पुढे, सोबतीला दिवसभर एक बाई.

२००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवरून मुंबईतून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परतले, तेव्हापासून दादांच्या डोक्यात बोट होती. जगप्रदक्षिणेचा विचार मात्र त्यांनी कधीच केला नाही. त्यांना हवं होतं आडोशाचं पाणी: मुंबई बंदर, घारापुरीची सावली, मांडवा, रेवस, धरमतरची खाडी, आणि जमलं तर एप्रिलमध्ये खांदेरीवरून खाली राजपुरीच्या खाडीपर्यंत. बेत समंजस होता.

२०२४ च्या पावसाळ्यात त्यांनी ३२ फुटी जुनी फायबरची बोट घेतली. एक डोलकाठी, छोटं डिझेल इंजिन, छतावर सौर पॅनेल, पाण्याची २०० लिटरची टाकी. बुडाखालचा कणा ठाम, म्हणजे बोटीला तरंगायला दीड मीटर पाणी लागतं. हा दीड मीटर पुढे सारखा आडवा येणार आहे.

मुलुंडचा फ्लॅट त्यांनी अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सने दिला. त्या भाड्यातून बोटीचा खर्च निघणार होता. दसऱ्याला बोटीची पूजा केली आणि त्याच आठवड्यात ते गेटवेसमोरच्या एका भाड्याच्या बोयावर (तळाशी पक्का बांधलेला, बोट अडकवायचा तरंगता गोळा) राहायला आले. आजींचं घर तिथून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर, हेच गेटवे निवडण्याचं मुख्य कारण.

प्रश्न कसा उभा राहिला

बोटीवरचं जगणं त्यांना लवकर जमलं. स्वयंपाक, पाण्याची काटकसर, बॅटरी, संडासची टाकी, दमट कपडे, सगळं महिनाभरात अंगवळणी पडलं. वहिनी तर म्हणायच्या की मुलुंडपेक्षा इथे झोप चांगली लागते.

त्रास होता उतरण्याचा. मुंबईत असा तरंगता धक्का हाताशी नाही जिथे बोट लावून, मुक्काम करून, पायी चालत बाहेर पडता येईल. कोचीला बोळगट्टीला मरिना आहे. आपल्याकडे बोट बोयावर किंवा नांगरावर उभी राहते आणि तुम्ही रबरी होडीने काठाला जाता. भाजी, औषध, गॅस, प्यायचं पाणी, आजींची भेट, सगळं त्या होडीतून.

गेटवेसमोर दिवसभर घारापुरीच्या लाँच आणि मांडव्याच्या कॅटामरान फिरत असतात. त्यांच्या लाटा एकामागून एक येतात आणि धक्क्याच्या दगडावर आपटून परत फिरतात, त्यामुळे पायऱ्यांपाशी पाणी कधी स्थिर नसतं. भरतीला वरच्या कोरड्या पायरीवर उतरता येतं. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीला पाणी चार मीटर खाली जातं आणि उघड्या पडतात त्या शेवाळलेल्या पायऱ्या. वहिनींचा उजवा गुडघा आधीच दुखरा. दर वेळी होडी वर उचलली जाण्याचा क्षण साधून पाय टाकायचा, एका हाताने साखळी धरायची, दुसऱ्या हातात पिशवी.

रात्रीचं उतरणं वेगळ्याच कारणाने अवघड. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी रबरी बोटीतूनच कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले होते. तेव्हापासून अंधारात रबरी होडीतून काठाला येणाऱ्या माणसाकडे पोलीस आणि कोळीवाडे दोघंही लक्ष ठेवतात, आणि ते योग्यच आहे. दादांनी कागदपत्रं कायम जवळ ठेवली, पोलीस चौकीत ओळख करून घेतली. तरीही रात्री आठनंतर न उतरण्याचा नियम त्यांनी स्वतःहून पाळला.

मग १८ डिसेंबरला नौदलाची वेगवान बोट 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर आदळली आणि अनेकांचा जीव गेला. दोघांनी त्या दुपारी बोटीवरून हेलिकॉप्टरं आणि धावाधाव पाहिली. त्यानंतर वहिनी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसल्या नाहीत. ही सवय आधीपासूनच हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण गेटवेवरून मन उडालं ते तेव्हापासून.

पहिला निर्णय: जागा बदलायची का

जानेवारीत तीन जागा चर्चेत आल्या.

मांडवा जवळचं. गेटवेहून साधारण आठ समुद्री मैल, जेट्टी चांगली, रो-रो फेरी आहे. पण तिथला मुक्काम उत्तरेकडून उघडा पडतो. मतलई वारे थांबून दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला की नांगरावरची बोट संध्याकाळपर्यंत डोलत राहते.

घारापुरीच्या आडोशाला पाणी शांत, परिसर सुंदर. मात्र शेजारी जवाहर द्वीपाचं तेलाचं ठाणं आहे, तिकडे जाता येत नाही, आणि शेवटची लाँच गेली की बेटावरून मुंबईला यायला तुमच्या बोटीशिवाय साधन नाही.

तिसरी धरमतर खाडी. तोंडाशी एका बाजूला रेवस, दुसऱ्या बाजूला उरणचं करंजा. आत शिरलं की समुद्राची लाट संपते. तळ मऊ चिखलाचा, नांगर चांगला रुततो.

त्यांनी खाडी निवडली. आडोसा हा एकच निकष धरला तर निवड बरोबरच होती. करंज्याच्या बाजूला, धक्क्यापासून अर्ध्या मैलावर त्यांनी नांगर टाकला. करंज्यातल्या एका तांडेलांशी, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांशी, ओळख झाली. त्यांनी डोल जाळ्यांचे खांब कुठे आहेत, डोलवीकडे कोळसा आणि खनिज नेणारे बार्ज कोणत्या बाजूने जातात, हे होडीत बसवून दाखवलं. बार्ज भरतीच्या वेळा बघून रात्रीबेरात्री जातात, त्यामुळे नांगरावरचा दिवा एक रात्रही विझून चालत नाही.

नांगराचा हिशोब इथे सांगतो, कारण त्यात चूक करणारे मी बरेच पाहिले आहेत. सखल ओहोटीला त्या जागी चार मीटर पाणी. उधाणाची भरती त्यात साडेचार मीटरपर्यंत भर घालते. नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची एक मीटर. झाले साडेनऊ. साखळी त्याच्या पाचपट म्हणजे सुमारे ४७ मीटर सोडायची. ओहोटीला पाहून 'चार मीटरच तर आहे' म्हणत वीस मीटर सोडणारा माणूस मध्यरात्री भरतीला वाहत जातो. शिवाय खाडीत दर सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि बोट पूर्ण फिरते, तेव्हा ४७ मीटरच्या साखळीचं वर्तुळ खांबांपासून मोकळं असायला हवं. दादांनी हे चोख केलं. संपूर्ण हंगामात त्यांचा नांगर एकदाही सुटला नाही.

पण आजी आता पंधरा मिनिटांवर नव्हत्या. खाडीतून गिरगावला कसं आणि किती वेळात पोचायचं, हे कुणी कागदावर मांडलं नव्हतं. 'रेवसला लाँच आहे, करंज्याहून उरण आहे, काहीतरी मिळेलच' यावर गाडी चालली होती.

होळीनंतरची दुपार

मार्च २०२५. पौर्णिमेची होळी झाली, वद्य द्वितीया. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड. त्या दिवशी भरती सव्वा-दीडच्या सुमारास होऊन गेली होती.

सव्वातीनला वहिनींचा फोन वाजला. आजी मोरीत पडल्या होत्या. चाळीतल्या शेजाऱ्यांनी जवळच्या रुग्णालयात नेलं होतं, खुब्याचं हाड मोडल्याचा संशय होता, आणि दाखल करून घेताना जवळचं नातेवाईक कोण हे विचारत होते. आजींच्या मेडिक्लेमचं कार्ड आणि जुने रिपोर्ट वहिनींकडे, म्हणजे बोटीवर.

पाण्याची स्थिती अशी होती. उधाणाची ओहोटी सुरू होऊन दोन तास झालेले. ओहोटीला पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उतार बारा भागांत धरला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. त्या दिवशीचा उतार ३.६ मीटर धरला तर दोन तासांत ९० सेंटिमीटर गेलं होतं आणि पुढच्या दोन तासांत त्याच्या दुप्पट, १.८ मीटर, जाणार होतं. म्हणजे प्रवाह सगळ्यात जोरात आणि धक्क्याजवळचा चिखल उघडा पडत चाललेला, हे दोन्ही एकाच वेळी. त्यात वायव्येचा वारा पंधरा-अठरा नॉटचा. खाडीचं पाणी वायव्येकडे बाहेर पडतं. वारा समोरून, प्रवाह मागून, अशा वेळी तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. आडोशाच्या खाडीचं तोंड त्या तीन तासांपुरतं आडोशाचं राहत नाही.

पर्याय

दादांच्या मनात पहिला आला तो बोट घेऊन गेटवे. नऊएक मैल, इंजिनवर दोन-सव्वादोन तास, तोंडाशी मार खात. पोचणार साडेपाच-सहाला, म्हणजे सखल ओहोटीच्या तासभर आधी, शेवाळलेल्या पायऱ्यांवर. पण दोघं एकत्र पोचणार होते आणि त्यांना तेच हवं होतं.

दुसरा, रेवसहून भाऊच्या धक्क्याची लाँच. रेवसच्या जेट्टीजवळ गाळ इतका साचतो की सखल ओहोटीच्या आसपास लाँच लागणं बेभरवशाचं. शिवाय खाडी ओलांडून तिथवर जायचं.

तिसरा, स्वतःच्या रबरी होडीने करंजा. अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन, आडवा प्रवाह, आणि दादा सोडायला गेले तर परत एकट्यानेच यायचं. होडी वाहत गेली तर बोटीवर कुणी नाही.

चौथा, तांडेलांना फोन. करंजा धक्का, रिक्षाने उरण, तिथून टॅक्सी करून अटल सेतूने शिवडी आणि पुढे गिरगाव. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि उरणपर्यंत लोकलही त्याच वेळी आली. त्याआधी हा पर्याय इतका जवळचा नव्हता. अडचण एवढीच की शिमग्याचे दिवस. कोळीवाड्यात होड्या धक्क्याला, माणसं सणात.

पाचवा, सात-सव्वासातपर्यंत थांबून पाणी उलटल्यावर निघणं. तो कुणी बोलूनही दाखवला नाही. तरी मी नोंदवतो, कारण आजींजवळ दुसरं कुणी नातेवाईक असतं तर बोटीच्या दृष्टीने तोच सगळ्यात शहाणा होता.

निर्णय

दादा म्हणाले, "इंजिन गरम करतो, आपण दोघं निघू."

वहिनी म्हणाल्या, "तिथे एक माणूस लागणार आहे आणि इथे एक. मी जाते, तुम्ही बोट सांभाळा."

माझ्या मते संपूर्ण हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो वहिनींनी दोन मिनिटांत घेतला. दादांचा विचार चुकीचा होता असं नाही. घाबरलेल्या वेळी माणसाला सोबत हवी असते. पण बोट हलवली असती तर पुढचे अडीच तास दोघंही फोनला न्याय देऊ शकले नसते, आणि इंजिनाने तोंडाशी दगा दिला असता तर आजींजवळ कुणीच पोचलं नसतं.

तांडेलांनी फोन उचलला. मागे ढोल-ताशे वाजत होते. वीस मिनिटांत ते भाच्याला घेऊन होडीसह आले.

तेवढ्या वेळात वहिनींनी काय केलं ते सांगतो, कारण त्यातून शिकण्यासारखं आहे. आजींची फाइल, कार्ड, दोघांची आधार कार्डं आणि रोख पैसे पिठाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरले, पीठ पातेल्यात ओतून. डबा पाठीवरच्या पिशवीत. साडी बदलून पंजाबी ड्रेस, पायात पट्ट्यांच्या चपला, वर लाइफ जॅकेट. हात दोन्ही मोकळे. होडी बाजूला लागली तेव्हा ती आणि बोट वेगवेगळ्या लयीत वर-खाली होत होती. दादांनी शिडी सोडली, भाच्याने दोर धरला आणि तांडेल म्हणाले, "बाय, पाय मधी टाक, काठाव नको." वहिनी दोन लाटा थांबल्या, तिसऱ्या वेळी होडी वर येताच मधल्या फळीवर पाय टाकून लगेच खाली बसल्या. उभं राहून नीट बसायला जागा शोधणारी माणसं तिथेच पडतात.

धक्क्यावर शेवटचे काही हात चिखलातून फळ्यांवरून जावं लागलं. रिक्षा तांडेलांच्या शेजाऱ्याची, उरणला टॅक्सी मिळाली. पावणेसहाच्या आत वहिनी रुग्णालयात होत्या.

दादा रात्रभर बोटीवर राहिले. रात्री दीडच्या सुमारास भरती झाली, मग पुन्हा ओहोटी लागली आणि पहाटे ईशान्येकडून हलका मतलई वारा आला. वारा आता प्रवाहाच्या विरुद्ध नव्हता, पाणी सपाट. साडेपाचला नांगर उचलून ते साडेसातच्या सुमारास गेटवेसमोर आले. तीच वाट, तीच बोट, तीच ओहोटी. फक्त वाऱ्याची दिशा आणि तास वेगळा. आजींची शस्त्रक्रिया त्या दिवशी दुपारी झाली, तेव्हा दोघंही हजर होते.

त्यानंतर काय बदललं

आजी बऱ्या होईपर्यंत वहिनी गिरगावात राहिल्या आणि दादा बोटीवर एकटे. बोटीवर राहणं सोडून द्यायचं का, यावर बरीच चर्चा झाली. लेकीचं मत सोडून द्या. वहिनींचं मत चालू ठेवू, पण उतरण्याची सोय आधी आणि आडोसा नंतर.

त्यांनी एका वहीत तक्ता केला. मुक्कामाची प्रत्येक जागा, तिथून काठाला उतरण्याची ठिकाणं, भरतीच्या किती तास आधी-नंतर तिथे उतरता येतं, रात्री उतरता येतं का, पुढे कोणतं वाहन, गिरगावपर्यंत एकूण वेळ. प्रत्येक ठिकाणी होडी घेऊन येऊ शकतील अशा दोघांचे नंबर, आणि त्यांच्याशी ठरलेले पैसे. तांडेलांनी त्या दिवशी पैसे घेतले नव्हते. पण सणातून उठून येणाऱ्या माणसाच्या चांगुलपणावर दर वेळी विसंबणं त्याच्यावरही अन्यायाचं आहे, हे वहिनींनी तांडेलांना पटवून दिलं आणि दर ठरवला.

गिरगावात स्वतःच्या एका भाच्याकडे आजींच्या कागदांच्या प्रती आणि रुग्णालयात सही करण्याची तयारी, दोन्ही ठेवलं. पाण्यावर जीव धोक्यात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि व्हीएचएफ रेडिओचा १६ वा चॅनेल आहे. पण किनाऱ्यावर आई आजारी पडली तर त्या नंबरांचा उपयोग नाही. ती सोय आपलीच करावी लागते.

मे: कोणत्या भरतीला बोट वर काढायची

दुसरा मोठा निर्णय पावसाळ्याचा. बोट ज्या खाडीकाठच्या यार्डात शाकारून ठेवायची होती, तिथे चढणीवर पाळण्यात बोट घ्यायला दोन मीटरहून जास्त पाणी लागतं. तेवढं पाणी फक्त उधाणाच्या भरतीला मिळतं. म्हणजे मे महिन्यात दोनच संधी: १२ मेची पौर्णिमा आणि २७ मेची अमावास्या, आसपासचे एक-दोन दिवस धरून.

दादांना अमावास्या हवी होती. मार्च-एप्रिल आजींच्या आजारपणात गेला, राजपुरीची खाडी राहिली होती, मेचे ते पंधरा दिवस हाताशी होते. मुंबईत मान्सून येण्याची नेहमीची तारीख ११ जून, मासेमारीची बंदी १ जूनपासून. वरवर पाहता २७ मेला भरपूर सवड होती.

मी पौर्णिमेच्या बाजूने होतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, ते मे नुकताच अर्धा सरला होता तेव्हा. अमावास्येची भरती हुकली तर पुढची संधी जूनमध्ये, तीही पावसात. ज्या कामाला एकच तारीख उरते, ते काम त्या तारखेवर ढकलू नये. तांडेलही तेच म्हणाले. १० मेला हवामान खात्याने मान्सून केरळात २७ मेच्या सुमारास, म्हणजे लवकर येईल असं जाहीर केलं आणि दादांनी राजपुरी सोडली. बोट पौर्णिमेच्या भरतीला वर आली.

२४ मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान कमी दाबाचं तीव्र क्षेत्र किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि २६ मेला मुंबईत, गेल्या पंच्याहत्तर वर्षांत सगळ्यात लवकर. अमावास्येचा बेत धरला असता तर त्या दिवशी बोट पाण्यात असती आणि दुसऱ्या दिवशी यार्डात क्रेनवाला नसता.

निष्पत्ती

बोट सुखरूप. बुडाला शिंपल्यांचा जाड थर होता, गरम पाण्यात एका हंगामात तो येतोच. बोटीचा धातू गंजू नये म्हणून लावलेले झिंकचे तुकडे जवळपास संपलेले, शिडाची शिवण उन्हाने दोन ठिकाणी कुजलेली. नेहमीचा खर्च.

फ्लॅट मात्र सप्टेंबरपर्यंत भाड्याने दिलेला. त्यामुळे जूनपासून चार महिने दोघं गिरगावच्या दोन खोल्यांत, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजींसोबत. आजींना त्याचा उपयोग झाला हे खरं. पण तो योगायोग होता, आणि तिघांनाही ती जागा जड गेली हे वहिनींनी मला स्पष्ट सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

घरापासून सुरुवात करतो. अकरा महिन्यांचा करार सोयीचा असतो, भाडेकरूही तोच मागतात. पण मुंबईत बोटीवरचा हंगाम आठ महिन्यांचा आहे. हिशोब घालताना पावसाळ्याचे चार महिने स्वतःच्या छपराखाली धरूनच घालायला हवा. या दोघांनी आता फ्लॅट भाड्याने न देता लेकीच्या मैत्रिणीला एक खोली दिली आहे. भाडं निम्म्याहून कमी, पण दार कधीही उघडतं.

खाडीत जाण्याआधी उधाणाच्या ओहोटीला, संध्याकाळी, पायी जाऊन धक्के बघायला हवे होते. नकाशावर जेट्टी दिसते, चिखल दिसत नाही. सगळ्यात वाईट तासाला जिथे उतरता येतं, तीच जागा उतरण्याची म्हणून धरावी.

घरात म्हातारं माणूस असेल तर आडोशाच्या पाण्याचा नकाशा आणि रुग्णालयाचा नकाशा एकावर एक ठेवून मुक्काम ठरवावा. अटल सेतू आणि उरणच्या लोकलने करंज्याची बाजू मुंबईला जवळ आणली आहे. रेवसच्या बाजूला ते सुख नाही. दोघं योगायोगानेच योग्य काठावर होते.

बोटीबद्दल माझं आणि दादांचं अजून पटलेलं नाही. या पाण्यासाठी मी दुहेरी कण्याची बोट घेतली असती, जी ओहोटीला चिखलावर सरळ बसते आणि एक मीटर पाण्यातही चालते. वेग थोडा कमी मिळतो, वाऱ्याच्या समोर चढायला ती आळशी असते, दादांना तेच खटकतं. पण आत्ताची बोट विकून ती घेणं त्यांना परवडणारं नाही, तेव्हा तो वाद बाजूला ठेवू.

रबरी होडी मात्र बदलायला हवी, यावर मी ठाम आहे. अडीच हॉर्सपॉवरची होडी गेटवेसमोर ठीक होती. खाडीच्या तोंडाशी उधाणाच्या प्रवाहात तिचा भरवसा नाही, आणि त्या दुपारी तिसरा पर्याय बाद झाला तो तिच्यामुळेच. फायबरची, सपाट तळाची, वल्ह्यांनीही ओढता येईल अशी दहा फुटी होडी आणि तिला सहा हॉर्सपॉवरचं इंजिन, असं मी सुचवलं आहे. करंज्यात तशा होड्या बनतात, तांडेल एक दाखवायला तयार आहेत. डेकवर ती ठेवायची कुठे, एवढंच दादांनी अजून मोजलेलं नाही.